थाई वाचताना शब्द कोठे संपतो, हे कसे ओळखावे

थाई मजकुरात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. जागा दिसलीच तर तेथे बहुधा वाक्य किंवा वाक्याचा एखादा भाग संपलेला असतो. आपली मोडीही अशीच सलग लिहीत असत, आणि सवय झालेल्या माणसाचे तिच्यात काही अडत नसे.

सुरुवातीला शब्द शोधू नयेत, उच्चाराचे तुकडे शोधावेत. ए, ॲ, ओ आणि दोन प्रकारचे आय ही पाच स्वरचिन्हे आपल्या पहिल्या वेलांटीप्रमाणे व्यंजनाच्या आधी लिहून नंतर उच्चारतात, म्हणून त्यांपैकी एखादे दिसताच त्याच्या अलीकडे पेन्सिलीने उभी रेघ मारावी. विसर्गासारख्या दिसणाऱ्या ऱ्हस्व अ च्या चिन्हापाशी तुकडा संपतो, तेव्हा त्याच्या पलीकडे रेघ येते.

‘छानमायकिननुआ’, म्हणजे ‘मी मांस खात नाही’, हे वाक्य घ्या. ‘माय’ आणि ‘नुआ’ यांच्या आरंभी अशी स्वरचिन्हे असल्याने दोन रेघा लगेच पडतात. उरला ‘मायकिन’. या आय-चिन्हाला त्याचे व्यंजन मिळाले की तुकडा सहसा पूर्ण होतो, म्हणून पुढचा क नव्या तुकड्याचा ठरतो. चारही शब्द सुटे झाले, तेही अर्थ ठाऊक नसताना.

यानंतर ‘थी’ (जो, जी, जे), ‘लॅ’ (आणि), ‘दाय’ (मिळणे, शकणे) असे सतत भेटणारे छोटे शब्द नजरेत बसवावेत, कारण त्यांच्या आजूबाजूचा मजकूर आपोआप मोकळा होतो. संस्कृत-पालीतून आलेले लांब शब्द मात्र तोडू नयेत: ‘महाविद्यालय’पासून झालेला ‘महाविथ्थयालाय’ (विद्यापीठ) हा एकच शब्द आहे. अशा शब्दांच्या अखेरीस पुष्कळदा एखाद्या व्यंजनावर ते अनुच्चारित असल्याची खूण असते; तीही शब्द संपत आल्याचे सुचवते, आणि माझ्या मते नवशिक्याला तिचा फार आधार वाटतो.

काही ठिकाणी नियम पुरत नाहीत. त, आ, क, ल, म अशी अक्षरे ओळीने आली, तर ‘ता-क्लोम’ म्हणजे गोल डोळे आणि ‘ताक-लोम’ म्हणजे वाऱ्यावर बसणे, असे दोन्ही वाचन शुद्धच असते. तेथे दोन्ही रेघा पुसट ठेवून पुढचे वाक्य वाचावे, आणि अर्थ लागल्यावर चुकलेली रेघ खोडावी.