एनव्हीडीए प्रत्येक फाइलला नुसतं ‘डाउनलोड’ म्हणत होतं, ते असं सुटलं

एनव्हीडीए म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, स्क्रीन रीडर.

लक्षण: वेबसाइटवरच्या अर्जांच्या पानावर इन्सर्ट+एफ७ दाबलं की लिंकच्या यादीत चौदा वेळा ‘डाउनलोड’. कुठला अर्ज कुठला, पत्ता नाही.

आधी टायटल अ‍ॅट्रिब्यूट (लिंकच्या कोडमध्ये जोडलेली टीप) लावलं. लिंकमध्ये मजकूर असला की टायटल केवळ वर्णन ठरतं, नाव नाही. यादी जशीच्या तशी. मग एरिया-लेबल, म्हणजे पडद्यावर न दिसणारं पण स्क्रीन रीडर वाचतो असं नाव, लावलं. त्याने यादी सुधारली, पण फाइल बदलल्यावर लेबलात जुनाच आकार राहिला. न दिसणारा मजकूर शिळा झालेला कळतच नाही. दोन दिवस यातच गेले.

चाललं ते असं: आधी टायटल आणि एरिया-लेबल दोन्ही काढली. मग लिंकच्या आतच, सर्वांना दिसेल असं लिहिलं: ‘पाणीपट्टी सवलत अर्ज, पीडीएफ, ३४० केबी’. अर्जाचं नाव आधीच हवं, कारण यादीत पहिली अक्षरं टाइप करून लिंक गाठतात. सगळ्या ‘डाउनलोड’ने सुरू झाल्या तर ती सोय वाया. शेजारच्या एसव्हीजी चिन्हाला (छोट्या चित्राला) एरिया-हिडन ‘ट्रू’ दिलं, म्हणजे स्क्रीन रीडर ते वगळतो. शेवटी एचटीएमएल टॅगमधलं लँग ‘ईएन’वरून ‘एमआर’ केलं, म्हणजे पानाची भाषा इंग्रजीऐवजी मराठी.

पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर आत मजकूरच नसतो. तिथे ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) आणि टॅगिंग (शीर्षक, परिच्छेद अशा खुणा लावणं) वेगळं करावं लागतं.