विचित्र वस्तूंचं म्युझियम पोराबाळांना घेऊन नीट कसं बघायचं

दोन डोक्यांचं वासरू, तांदळाच्या दाण्यावर कोरलेली अक्षरं, गरगर फिरणारा बोगदा, जलपरी म्हणून काचेत ठेवलेलं काहीतरी वाळकं... असल्या म्युझियममध्ये बहुतेक कुटुंबं धावतपळत आत जातात, चार सेल्फी होतात, पोरं दोनदा किंचाळतात आणि सगळे बाहेर. मला खरंच हळहळ वाटते हे बघून. कारण 'हे खरं कशावरून?' हा प्रश्न मुलांच्या तोंडी यावा असं वाटत असेल तर याच्याइतकी भारी जागा नाही. सायन्सच्या म्युझियममध्ये सगळं तपासूनच ठेवलेलं असतं, तिथे संशय घ्यायला वाव कमी, इथे मात्र एकाच हॉलमध्ये अस्सल, बनावट आणि अर्धं खरं अर्धं मीठमसाला असं शेजारीशेजारी मांडलेलं असतं आणि कुठलं काय ते आपणच ओळखायचं असतं.

तर पहिलं काम म्हणजे आपण जातोय ते म्युझियम नेमकं कुठल्या प्रकारचं आहे ते बघून घ्या, कारण नुसतं 'विचित्र' म्हणून सगळी एका माळेत बसत नाहीत. रिप्लेच्या नावाने चालतात ती एका प्रकारची. रॉबर्ट रिप्ले हा न्यूयॉर्कच्या पेपरात 1918 पासून अचाट गोष्टींची कार्टून काढायचा, 1933 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या जमवलेल्या वस्तू मांडल्या आणि लोकांची झुंबड उडाली, मग 1950 मध्ये, म्हणजे तो गेल्यावर वर्षभराने, फ्लोरिडात सेंट ऑगस्टिनला कायमचं म्युझियम झालं. इथे धमाल, आवाज, बटणं दाबायची सोय असं सगळं असतं, पाच-सहा वर्षांच्या पोरांपासून चालतं. दुसरा प्रकार म्हणजे फिलाडेल्फियाच्या म्युटर म्युझियमसारखी मेडिकल म्युझियम, तिथे खऱ्या माणसांच्या कवट्या, हाडं, आजार झालेले अवयव असतात. लहान पोरांना तिथे अजिबात नेऊ नका, पण बायोलॉजीत रस असलेला दहावीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर मात्र जरूर. तिसरा प्रकार एकाच विषयाला वाहिलेला, जसं दिल्लीत सुलभचं 1992 पासूनचं टॉयलेटचं म्युझियम, किंवा बॉस्टनकडचं फक्त फसलेल्या चित्रांचं म्युझियम. ही छोटी असतात पण पोरं तिथे जाम रमतात, टॉयलेट म्हटल्यावर तर विचारायलाच नको. आणि चौथी ती दृष्टिभ्रमाची, म्हणजे वाकड्या खोल्या, आरसे वगैरे.

जायच्या आधी एक फोन करा, वेबसाइटवर सगळं लिहिलेलं नसतं. विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. अंधाऱ्या किंवा दचकवणाऱ्या खोल्या कुठल्या आणि त्या टाळून पुढे जायला दुसरी वाट आहे का, स्ट्रोलर आणि व्हीलचेअर आत जाते का, एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत आत सोडतात का. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण बऱ्याच ठिकाणी वाट एकाच दिशेने जाते आणि मधेच कुणाला टॉयलेटला जायचं झालं की पंचाईत होते. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर उत्तम, गर्दीत मागचे लोक ढकलत राहतात आणि लेबल वाचून होत नाही, आणि इथे सगळी मजा त्या लेबलातच असते.

आता मुख्य गोष्ट, आत गेल्यावर करायचं काय. माझं म्हणणं एवढंच की लेबल आधी वाचायचं नाही. वस्तूसमोर थांबायचं, प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा: खरं, बनावट, की खरं पण सांगतात ते नाही. आणि नुसता अंदाज चालणार नाही, कशावरून ते पण सांगायचं. शिवण दिसते का, केसांचा रंग मधेच बदलतो का, दोन्ही बाजू एकसारख्या आहेत का, हे नक्की कुणी पाहिलं होतं का की सगळे ऐकीवच सांगतायत. मग लेबल वाचायचं. पोरांना काचेतलं दिसत नसेल तर त्यांना उचलण्याऐवजी तुम्हीच त्यांच्या उंचीला खाली बसा, त्या उंचीवरून कधीकधी वस्तूची खालची बाजू दिसते आणि जोड तिथेच असतो.

त्या तिसऱ्या पर्यायावर मी अडून बसतो कारण मोठ्या माणसांनाही तो सुचत नाही. युनिकॉर्नचं शिंग म्हणून युरोपातले राजेरजवाडे शेकडो वर्षं लांबलचक पीळदार शिंगं जपून ठेवत होते, विषावर उतारा म्हणून त्याला प्रचंड किंमत मोजत होते. ओले वर्म नावाचा एक डॅनिश डॉक्टर होता, त्याच्या घरी अशाच अजब वस्तूंचा मोठा संग्रह होता, त्याने 1638 मध्ये दाखवून दिलं की ही शिंगं नारव्हेल नावाच्या समुद्री प्राण्याची आहेत. आणि ते शिंगपण नाही, दात आहे, जो वाढत वाढत वरच्या ओठातून बाहेर येतो आणि तीन मीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे वस्तू शंभर टक्के अस्सल, तिची गोष्ट खोटी. याच्या बरोबर उलटं प्लॅटिपस या बदकासारखी चोच असलेल्या प्राण्याचं झालं. ऑस्ट्रेलियातून त्याचं कातडं इंग्लंडला पोचलं तेव्हा 1799 मध्ये त्याचं वर्णन लिहिणाऱ्या जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञालाच शंका आली की कुणीतरी बदकाची चोच जोडून दिली असणार. शंका अगदी रास्त होती! प्राणी मात्र खरा निघाला.

आणि जलपरी. 1842 मध्ये न्यूयॉर्कला पी. टी. बार्नम या अजब गोष्टींचे खेळ दाखवणाऱ्या माणसाने फिजीची जलपरी म्हणून जी गोष्ट दाखवली ती वरून माकड आणि खालून मासा अशी जोडलेली होती, आणि तरी रांगा लागल्या. आज ज्या म्युझियममध्ये अशी जलपरी दिसेल ती बहुतेक तिच्याच धर्तीवर बनवलेली असते. इथे पोरांना विचारा की लोकांनी विश्वास का ठेवला असेल. त्यांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात, आणि मग फोनवर येणाऱ्या फेक फोटोंचा विषय आपोआप निघतो, वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही.

शिंगवाला ससा दिसला तर तिथे जरा जास्त थांबा. भिंतीवर लावलेला तो ससा बनावट असतो हे नक्की, अमेरिकेत वायोमिंगमध्ये 1930 च्या दशकात सशाच्या डोक्याला हरणाची शिंगं लावून विकायला सुरुवात झाली आणि ते खूप चाललं. पण त्याच सुमाराला, 1933 मध्ये, रिचर्ड शोप या शास्त्रज्ञाने खरोखर शिंगांसारख्या गाठी आलेल्या सशांचा अभ्यास केला आणि त्या गाठी एका व्हायरसमुळे येतात हे सिद्ध केलं. व्हायरस आणि कॅन्सर यांचा संबंध शोधायला पुढे त्याच कामाचा मोठा उपयोग झाला. म्हणून 'हॅ, खोटं आहे' म्हणून पुढे पळायची घाई करू नका, खोट्याच्या मागेही कधीकधी असं काहीतरी सापडतं. दोन डोक्यांचं वासरू मात्र बऱ्याचदा अस्सल असतं, गर्भ वाढताना नीट विभागला गेला नाही की असं होतं, अशी वासरं फार जगत नाहीत, हेही पोरांना सरळ सांगायला हरकत नाही.

दृष्टिभ्रमाच्या खोल्यांत आधी फसायचं, मग कारण शोधायचं. ज्या खोलीत एक माणूस राक्षस आणि दुसरा बुटका दिसतो तिला एम्सची खोली म्हणतात, त्यात एक कोपरा आपल्यापासून दुसऱ्याच्या मानाने बराच लांब असतो, फरशी आणि छत तिरकं असतं, आणि बघायला एकच छोटं भोक असतं. ते भोक का, हे मुलांना विचारा. एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही म्हणून. मग एकाने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चालत जायचं आणि बाकीच्यांनी भोकातून बघायचं, पोरं आईबाबांपेक्षा उंच दिसतात, हसून पुरेवाट होते. फिरत्या बोगद्यात पूल स्थिर असतो, फिरतो तो भोवतीचा पिंप, पण डोळे म्हणतात आपण कलंडतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण सरळ आहोत, या भांडणात गरगरायला लागतं. गाडी लागणाऱ्यांनी, मान-चक्कर असा त्रास असणाऱ्यांनी आणि आजीआजोबांनी हा बोगदा सरळ टाळावा. जायचंच असेल तर रेलिंग धरा आणि डोळे मिटून चला, मिटल्यावर लगेच कळतं की पूल हलतच नव्हता. भरपेट खाऊन तर अजिबात जाऊ नका. आरशांच्या भुलभुलैय्यात पळायचं नाही, एक हात पुढे धरायचा आणि नजर जमिनीवर ठेवायची, जमीन कमी फसवते.

भीतीबद्दल. ज्या मुलाला भीती वाटते त्याला 'त्यात काय घाबरायचं' म्हणू नका प्लीज. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की काही गोष्टी विचित्र दिसतील, काही प्राणी मेलेले आणि पेंढा भरलेले असतील, नको वाटलं तर माझा हात दोनदा दाब, आपण लगेच दुसरीकडे जाऊ. आणि खरंच जा, तिकिटाचे पैसे वसूल करायला पोराला ओढत नेऊ नका. एकाने घाबरलेल्याबरोबर थांबायचं आणि दुसऱ्याने बाकीच्यांना पुढे न्यायचं, ही वाटणी दारातच करून टाका.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते ती. या म्युझियममध्ये माणसंही 'वस्तू' म्हणून दाखवलेली असतात, कधी पुतळा, कधी फोटो, कधी खरी हाडं. रॉबर्ट वॅडलोचा पुतळा बऱ्याच ठिकाणी दिसतो, 272 सेंटिमीटर उंची, नोंद झालेला सगळ्यात उंच माणूस, सगळे त्याच्या कमरेला टेकून फोटो काढतात. काढा ना, पण त्याच वेळी मुलांना सांगा की पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन जास्त सुटत होतं म्हणून तो वाढतच राहिला, त्याला पायाला आधार लावून चालावं लागायचं, त्याच आधाराने घासून फोड आला, त्यात इन्फेक्शन झालं आणि 1940 मध्ये वयाच्या 22 व्या वर्षी तो गेला. त्याच्या घरच्यांनी त्याच्या बहुतेक वस्तू नष्ट केल्या, कुणी तमाशा म्हणून मांडू नयेत म्हणून. चार्ल्स बर्न या आयरिश उंच माणसाची इच्छा होती की आपल्याला समुद्रात पुरावं, तो 1783 मध्ये गेला आणि तरीही त्याचा सांगाडा लंडनच्या हंटेरियन म्युझियममध्ये दोनशे वर्षांहून जास्त काळ लोकांनी बघितला, 2023 मध्ये म्युझियम परत उघडलं तेव्हा कुठे तो प्रदर्शनातून काढला. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियमनेही 2020 मध्ये आकसवलेली मानवी डोकी काढून घेतली. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे नीट समजतं. 'याला विचारलं होतं का?' एवढा एक प्रश्न पुरतो. आणि अशा ठिकाणी वेडेवाकडे चेहरे करून सेल्फी नाही, हा नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू.

पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांना हात लावू देऊ नका, 'हात लावू नका' अशी पाटी नसली तरी. पूर्वी कातडी टिकवायला आर्सेनिक वापरायचे, ते त्या केसांत अजून असू शकतं. चुकून लागलाच हात तर खायच्या आधी साबणाने धुवा. फोटो काढताना फ्लॅश बंद, आणि फोन काचेच्या अगदी जवळ धरा म्हणजे चकाकी येत नाही. लेबलाचाही एक फोटो घ्या, नाहीतर घरी आल्यावर हे काय होतं तेच आठवत नाही.

सगळं बघून झालंच पाहिजे असं काही नाही. पोरं पेंगायला लागली की निघा. शेवटी दुकानातूनच बाहेर पडावं लागतं, तेव्हा एकच वस्तू घ्यायची हे आधी ठरवा, आणि शक्यतो रबराचे डोळे वगैरे सोडून एखादा दगड, स्फटिक, भिंग असलं काहीतरी.

घरी आल्यावर मुलांना एक खण रिकामा करून द्या, त्यांचं स्वतःचं म्युझियम. शिंपला, पडलेलं पीस, विचित्र आकाराची शेंग, जुनं नाणं, काहीही. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी हवी: हे काय आहे, कुठे मिळालं, कधी, आणि हे कशावरून कळलं. शेवटचं माहीत नसेल तर 'अजून शोधतोय' असं लिहायचं, अंदाजाने ठोकून द्यायचं नाही. आत जीव असलेले शंख उचलायचे नाहीत, घरट्यांना हात लावायचा नाही, आणि पिसं-बिसं आणली तर हात धुवायचे.