कोकणात गेम जॅम घेताय? मग नियम असे लिहा

आपल्याकडच्या अंडरआर्म क्रिकेट स्पर्धेचं पत्रक आठवा. वर बक्षिसं मोठ्ठी, खाली बारीक अक्षरात "पंचांचा निर्णय अंतिम राहील", आणि मैदानावर राडा होतो तो भलत्याच गोष्टीवरून, हा बॅट्समन गावचा आहे की बाहेरून आणलाय. म्हणून शहाणी मंडळं "एक गाव एक संघ, आधार कार्ड आणावे" असं आधीच छापून टाकतात. गेम जॅमचंही, म्हणजे दिलेल्या थीमवर ठरलेल्या तासांत कॉम्प्युटर गेम बनवायच्या स्पर्धेचंही, तसंच धरा, भांडण कुठे होणार ते आधी ओळखायचं आणि नियम तिथला लिहायचा, बाकी शोभेची कलमं नकोत.

माझं एकच म्हणणं आहे, जे तपासता येत नाही ते नियमात घालू नका. "सगळं काम 48 तासांतच केलेलं असावं" हे लिहायला भारी वाटतं, पण तपासणार कसं? खोटं बोलणारा निवांत जिंकतो आणि प्रामाणिक पोरगा आपला जुना मेनूचा कोडसुद्धा वापरत नाही. लुडम डेअर हा ऑनलाइन गेम जॅम 2002 पासून चालू आहे, त्यांनी यावर दोन वाटा काढल्या. एक कॉम्पो, एकट्याने, 48 तास, सगळं स्वतःचं आणि सोर्स कोड द्यायलाच लागतो, आणि दुसरी जॅम, 72 तास, टीम चालते, नियम सैल. म्हणजे कडक नियम हवा तर तपासायची सोय पण सोबत हवी. जेएस13के या जावास्क्रिप्ट गेम्सच्या स्पर्धेवाल्यांचं तर अजून सोपं, झिप फाइल 13 केबीच्या आत, वजन करा आणि मोकळे व्हा.

आपल्यासाठी मी म्हणेन जुना कोड चालेल, फुकट मिळणारी चित्रं-आवाज चालतील, पण कुठून काय घेतलं ती यादी सबमिशनसोबत द्यायची. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, वापरायची खुली परवानगी. त्यातलं सीसी झिरो असेल तर नाव द्यायची सक्ती नाही, सीसी बाय असेल तर मूळ कलाकाराचं नाव पाहिजेच, आणि गुगलवरून उचललेला फोटो म्हणजे बाद. दशावताराचं किंवा नमनाचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून घालणार असाल तर त्या मंडळींना आधी विचारा, गावचंच आहे म्हणून फुकटचं नसतं. एआयवर बंदी घालून उपयोग नाही कारण पकडता येत नाही, त्यापेक्षा वापरलं तर सांगायचं, आणि जे स्वतः केलं नाही त्या विभागात मार्क नाहीत. चित्रं एआयची किंवा दुसऱ्याची असतील तर ग्राफिक्सच्या बक्षिसातून बाहेर, गेमप्लेच्या बक्षिसात खुशाल रहा.

आता खरा आपल्याकडचा प्रश्न, लाइट आणि रेंज. डेडलाइन रविवारी रात्री 8 ला, आणि 7 ला लाइट गेली, नेट पण बसलं, मग देवगडच्या पोराने काय करायचं, डोंगरावर चढायचं? यावर एक सोपा उपाय आहे. फायनल झिप तयार झाली की लॅपटॉपवर तिचा एसएचए-256, म्हणजे फाइलचा अंगठाच म्हणा, काढायचा, विंडोज आणि लिनक्समध्ये त्याची कमांड आधीपासूनच असते, नेट लागत नाही. 64 अक्षरांची ओळ मिळते, ती एका साध्या एसएमएसमध्ये बसते. डेडलाइनच्या आत आयोजकाला तेवढा एसएमएस करायचा आणि झिप पुढच्या 24 तासांत नेट मिळेल तशी अपलोड करायची. झिपमध्ये नंतर एक पिक्सेल जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते, त्यामुळे फसवायला जागा नाही. अख्ख्या तालुक्याची लाइट गेली तर मुदत वाढवा, पण सगळ्यांना सारखीच, एकट्याला गुपचूप वाढवून दिलीत तर संपलात.

तारखा ठरवताना गणपती आणि शिमगा सोडा हे सांगायला नको, पण आंब्याचा सिझनही सोडा, घरातली सगळी पोरं पेट्या भरायला असतात. जून-जुलैच्या पावसात तर नकोच. दिवाळीनंतरचे दिवस बरे, फक्त कॉलेजच्या परीक्षेचं वेळापत्रक एकदा बघून घ्या.

गेम ब्राउझरमध्ये चालला पाहिजे आणि साईजला मर्यादा हवी. अनोळखी एक्झी फाइल कोण डाउनलोड करणार, आणि 400 एमबीचा गेम हॉटस्पॉटवर उतरेपर्यंत जज झोपी जातो. गोडो आणि युनिटी या गेम बनवायच्या दोन्ही इंजिनांतून वेब बिल्ड, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती, निघते, पण ती शेवटच्या तासाला पहिल्यांदा करू नका असं पत्रकातच लिहा. कुठलं इंजिन वापरायचं यावर मात्र बंधन कशाला?

व्होटिंग हा सगळ्यात नाजूक भाग. नुसती सरासरी धरली तर चार चुलतभावांनी 5 स्टार दिलेला गेम पहिला येतो. इच डॉट आयओ या गेम जॅम भरवायच्या साइटवर यासाठी छान हिशोब आहे, सगळ्या गेम्सना मिळालेल्या मतांचे आकडे क्रमाने लावून मधली संख्या काढतात आणि ज्याला त्याहून कमी मतं त्याचा स्कोअर कमी होतो. समजा मधली संख्या 16 आहे आणि तुमच्या गेमला मतं फक्त 4, सरासरी 4.8. मग 4 भागिले 16, त्याचं वर्गमूळ 0.5, त्याने सरासरीला गुणायचं, म्हणजे 4.8 चे झाले 2.4. ज्याला 20 मतं आणि सरासरी 3.9, त्याचे 3.9 तसेच. पण याने मालवण-रत्नागिरीच्या ओळखीवाल्यांना फायदा आणि आडगावच्या एकट्या पोराला तोटा होऊ शकतो, म्हणून दुसरा नियम जोडा, प्रत्येक स्पर्धकाने आयोजकांनी वाटून दिलेले 5 गेम खेळून मार्क द्यायचे, नाही दिले तर त्याचा स्वतःचा गेम रँकिंगमध्ये नाही. मत फक्त स्पर्धकांचं, बाहेरच्यांसाठी हवं तर वेगळं लोकप्रिय बक्षीस ठेवा.

जज असतील तर त्यांचा भाचा, विद्यार्थी, ऑफिसमधला कोणी स्पर्धेत आहे का हे आधीच विचारा, असेल तर त्या गेमला त्यांनी मार्क द्यायचे नाहीत. गेमचे हक्क बनवणाऱ्याकडेच, आयोजकांना फक्त दाखवायची परवानगी. 18 खालच्यांना आईवडिलांची संमती. रोख बक्षीस फार मोठं ठेवू नका, रक्कम वाढली की वकीलही वाढतात. ग्लोबल गेम जॅम 2009 पासून चालतोय आणि तिथे नंबर काढतच नाहीत, पहिल्या वर्षी तुम्हीही तसं केलंत तर अर्धी डोकेदुखी कमी.

तक्रार आली तर निकालानंतर 2 दिवसांत, लेखी, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारल्याशिवाय बाद करायचं नाही. थीम जाहीर झाली की नियम बदलायचे नाहीत, कोणी शंका विचारली तर उत्तर ग्रुपवर सगळ्यांना दिसेल असं द्या, कोणाच्या खासगी इनबॉक्समध्ये नाही.