तुरटीच्या स्फटिकांनी ‘धन’चा ‘घन’ कसा करावा

चिनी कलाकार शू बिंग यांनी सुमारे ४,००० अक्षरे लाकडात कोरली. दिसायला चिनी, पण वाचता एकही येत नाही. तरीही डोळा वाचायचा प्रयत्न सोडत नाही. देवनागरीत हा खेळ एका फटीवर उभा करता येतो. ‘ध’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ती फट बुजली की डोळा ‘घ’ वाचू लागतो.

तांब्याच्या तारेचा ८ सेंटिमीटर उंच ‘धन’ वळवा. लोखंडी तार नकोच. तुरटीचे पाणी आम्लधर्मी, गंजाने सगळे पिवळे पडते. ‘ध’चे वरचे टोक शिरोरेषेच्या पातळीला आणा आणि मध्ये ५ मिलिमीटर फट सोडा. तारेवर सुती दोरा घट्ट गुंडाळा.

१ लिटर गरम पाण्यात २२० ग्रॅम तुरटीची पूड विरघळवून गाळा. शब्द आणि चाचणीसाठी दोऱ्याचा एक सुटा तुकडा त्यात बुडवून काढा आणि रात्रभर वाळवा. दोऱ्यावर बसलेले बारीक कण म्हणजे बीज.

खरी परीक्षा पुढे आहे. ‘गरम द्रावणातच सोडा, भांड्याला टॉवेल गुंडाळा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. एकच मोठा खडा वाढवायचा असेल तर ठीक, अक्षरासाठी तो साफ चुकीचा आहे. गरम द्रावणात बीज विरघळते. मग सावकाश निवताना मोजकेच मोठे स्फटिक कुठेही उगवतात आणि अक्षराची गुठळी होते.

म्हणून दुसऱ्या दिवशी द्रावण पुन्हा तापवा, तळाचा कण न् कण विरघळू द्या आणि काचेच्या भांड्यात ३५ अंश सेल्सिअसपर्यंत निववा. बोटाच्या अंदाजावर जाऊ नका, तापमापी वापरा. आधी बीज धरलेला सुटा दोरा सोडून उजेडासमोर बघा. त्यापासून खाली उतरणाऱ्या लहरी दिसल्या तर बीज विरघळते आहे, थांबा. लहरी वर जात असतील तर वाढ सुरू झाली. मगच शब्द सोडा, तळापासून ३ सेंटिमीटर वर. तळाला टेकला तर तिथल्या थरात रुतून बसेल.

भांडे उघड्यावर, न हलवता ठेवा. दर अर्ध्या तासाने फक्त फट पाहा. ती बुजली, पण अक्षराची पोटे अजून मोकळी आहेत, तेव्हाच शब्द बाहेर काढा. रात्रभर ठेवलात तर ‘घन’ही वाचता येणार नाही.

नळाखाली धुऊ नका. टिपून वाळवा आणि पारदर्शक लाखेचा फवारा द्या. कोरड्या हवेत उघडे स्फटिक पांढुरके पडतात. काळ्या भिंतीपुढे टांगून उजेड बाजूने सोडा.