जुनी आरएक्स १०० बाळगताय? मग या चुका टाळा

साताऱ्यात जुनी यामाहा आरएक्स १०० चालवणाऱ्या माणसाला लोक आपोआप मिस्त्री समजू लागतात. माझा पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा आहे; तरीही पोवई नाक्यावर चहासाठी गाडी लावली की एखादा तरुण जवळ येतो, टाकीवरून हात फिरवतो आणि तिसऱ्या वाक्यात कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, येतो. ‘काका, रेस आपोआप वाढतीय, कोणतं जेट टाकू?’ जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा. गाडी बंद पडली तरी दोष कार्बोरेटरचा, पिकअप गेला तरी कार्बोरेटरचा आणि धूर वाढला तरी कार्बोरेटरचाच. हा भाग दोन स्क्रू काढले की हातात येतो, एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा आहे.

एस्कॉर्ट्सने ही गाडी आपल्याकडे १९८५ मध्ये आणली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, सुमारे ११ अश्वशक्ती, चार गिअर आणि शंभर किलोंच्या आसपास वजन, असा तिचा साधा हिशोब आहे. त्यातील ॲल्युमिनियम आणि पोलाद अजून कित्येक वर्षे टिकेल, पण रबर एवढी वर्षे टिकत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांचे दुखणे या रबरात असते आणि उपचार मात्र पितळेच्या जेटवर चाललेले असतात.

सील तपासण्याआधी जेट बदलणे

फोर-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी, गेले तर अंगणात तेलाचा डाग पडतो आणि त्यावरून दोष कळतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रकरण गंभीर असते, कारण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये शिरते, पिस्टन खाली येताना तेथे दाबले जाते आणि मग बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणजे क्रँककेस हाच या इंजिनाचा भाता आहे, आणि भात्याला भोक पडले तर चिमटा बदलून उपयोग नसतो. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, डाव्या बाजूला, वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या मागे जे सील असते, ते कडक होऊन फाटले की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते. पेट्रोलबरोबर पोहोचणारा थंडावा कमी होतो आणि पिस्टन तापू लागतो. उजव्या बाजूचे, क्लचकडचे सील गेले तर इंजिन गिअरबॉक्समधील तेल पिऊ लागते. तेव्हा दाट पांढरा धूर निघतो, प्लग ओला होतो आणि गिअर ऑइलची पातळी कोठेही गळती न दिसता उतरत जाते.

हे सारे मी शहाणपणाने शिकलेलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा तिची रेस सिग्नलला मूठ सोडल्यानंतरही काही क्षण वरच राहत असे आणि मग नाखुषीने खाली येत असे. ज्या मिस्त्रींकडे मी जात होतो त्यांनी हवेचा स्क्रू फिरवला, मेन जेट बदलले, सुई एक खाच वर घेतली आणि अखेरीस मला नवा कार्बोरेटर घ्यायला लावला. तीन महिने गेले. प्लगवरील चिनी मातीचा भाग चहा-बिस्किटासारखा तपकिरी असायला हवा होता, तो खडूसारखा पांढरा दिसत होता. पण इंजिन स्वच्छ जळते आहे अशी मी स्वतःची समजूत काढली. मग मेढ्याहून केळघरचा घाट चढून महाबळेश्वरकडे जाताना, तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचा आवाज एकाएकी घशात घास अडकल्यासारखा बदलला आणि मागचे चाक जागच्या जागी थांबले. बोटे सवयीने क्लचवर होती म्हणून मी पडलो नाही. गाडी टेम्पोतून खाली आली, सिलिंडर लेथवर जाऊन बोअर झाला, म्हणजे आतून घासून किंचित मोठा केला गेला, नवा पिस्टन बसला, आणि पुरते ३०० किलोमीटर व्हायच्या आत तोही जाम झाला. सील कोणीच बदलले नव्हते. मिस्त्रींनी नाही आणि पैसे मोजणाऱ्या मीही त्याविषयी विचारले नव्हते. दुसऱ्यांदा इंजिन उघडल्यावर मॅग्नेटच्या मागची जागा तेलकट काजळीने माखलेली दिसली. तेथील सील नखाने टोकरले तर त्याचा तुकडा निघून हातात आला. दोन्ही सीलांची किंमत एका पिस्टनच्या पासंगालाही पुरली नसती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. रेस लटकते असे वाटले तर मी आधी कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधील जोडाभोवती बोटाने जाड ग्रीस फासतो. त्याने रेस खाली आली तर गळती तेथेच आहे आणि काम थोडक्यात आटोपते. फरक पडला नाही तर डावे कव्हर काढून मॅग्नेटमागे पाहतो. मॅग्नेट पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या हत्याराने, काढावा. हातोड्याने ठोकून काढणारा माणूस दिसला तर गाडी तेथून हलवावी. इंजिन उघडलेच असेल तर दोन्ही सील, जुने कितीही चांगले दिसत असले तरी, बदलून टाकावीत. इंजिन जोडल्यावर इनटेक आणि सायलेन्सरची तोंडे रबरी बुचांनी बंद करून सायकलच्या पंपाने सुमारे सहा पीएसआय (दाबाचे एकक) हवा भरतो आणि दाबमापकाचा काटा पाच-सहा मिनिटे जागेवर राहतो का ते पाहतो. त्याहून अधिक दाब देऊ नये, नव्या सीलाची कड उलटण्याची भीती असते. घाई असलेल्या मंडळींना ही पाच मिनिटे फार जड जातात. मला टेम्पोचे भाडे जड गेले होते.

ऑइल पंप काढून टाकणे

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला लागणारे तेल वेगळ्या टाकीतून हा पंप पुरवतो. ‘पंपाचा भरवसा नाही, काका, मी पेट्रोलमध्येच ऑइल टाकतो,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की बोलणाऱ्याचे तोंड उघडण्याआधीच मला ते ऐकू येते. पंप काढला की एक केबल, एक नळी आणि एक डोकेदुखी कमी होते, हे खरे आहे. पण आपण कोठे राहतो याचा विचार तरी करावा. कासहून यवतेश्वरचा घाट उतरताना किंवा पाचगणीहून पसरणीने वाईला येताना मूठ पूर्ण बंद असते, गाडी गिअरमध्ये असते आणि उताराच्या जोरावर इंजिन भराभर फिरत असते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल पेट्रोलबरोबरच येते. मूठ बंद म्हणजे पेट्रोल जवळपास बंद आणि तेलही जवळपास बंद. याउलट पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे मूठ बंद असली तरी इंजिन फिरत आहे तोवर तो थोडे थोडे तेल देतच राहतो. सपाट मुलखातल्या माणसाने पंप काढला तर एक वेळ समजू शकते, पण घाटाखाली राहणाऱ्याने तो काढणे मला कधीच पटलेले नाही.

पंपावरचा अविश्वास बहुधा एकाच कारणाने निर्माण होतो. ऑइलची टाकी एकदा कोरडी पडलेली असते, नळीत हवा शिरलेली असते आणि नंतर नुसते ऑइल ओतून गाडी पळवलेली असते. पंपावर हवा काढण्यासाठी छोटा स्क्रू दिलेला आहे. तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यावे लागते, आणि तेवढा वेळ मी पेट्रोलमध्येही थोडे ऑइल मिसळून ठेवतो. पंपाच्या पुलीवरची खूण केबलच्या ताणाशी जुळते का, हेही त्याच वेळी पाहावे. केबल नवी टाकल्यावर ही खूण कोणी पाहत नाही.

पंप आधीच्या मालकाने काढून फेकला असेल, तर उतारावर दर दोन-तीन वळणांनी क्लच दाबून मूठ किंचित फिरवावी, म्हणजे पिस्टनला तेलाचा घोट मिळतो. आणि ऑइल मापून टाकावे. नव्या पिस्टनच्या पहिल्या ५०० किलोमीटरला मी लिटरमागे ४० मिली घालतो. बाटलीच्या झाकणाने ‘अंदाजे’ ओतणाऱ्यांचे प्लग काळे पडतात, आणि मग तेही कार्बोरेटरवर येतात.

पुंगळी

सायलेन्सरची पुंगळी, म्हणजे त्याच्या आतली आवाज दाबणारी नळी, काढायचीच असते, पण धुऊन परत बसवण्यासाठी. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज कमी करत नाही. त्याच्या पोटातून परतणारी दाबाची लाट सिलिंडरबाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण मागे ढकलत असते, आणि त्याचा आकार त्यासाठीच बेतलेला असतो. पुंगळी फेकून दिली की आवाज चौपट होतो, खालच्या रेसची ओढ कमी होते आणि मालकाला वाटते की गाडी पळू लागली. राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत सगळ्यांनी मान वळवून पाहिले म्हणजे वेग वाढला असे होत नाही. पुंगळीवर कार्बनचा थर साचतो आणि त्यानेच गाडी दबल्यासारखी चालते. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून निघतो. मात्र हातमोजे घालावेत आणि त्या पाण्यात ॲल्युमिनियमचा एकही भाग चुकूनसुद्धा टाकू नये, सोडा ॲल्युमिनियम खातो.

बोअर करून आणल्यावर

मूळ बोअर ५० मिलिमीटरचा आहे आणि ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. आधी पिस्टन विकत घ्यावा आणि तो हातात देऊन त्याच्या मापाने बोअर करायला सांगावे. उलट क्रमाने केलेले काम मी स्वीकारत नाही. लेथवरून आलेल्या सिलिंडरच्या आतील पोर्टच्या, म्हणजे मिश्रण आणि धूर ये-जा करणाऱ्या भोकांच्या, कडा धारदार राहिलेल्या असतात. त्या किंचित गोल केल्या नाहीत तर पिस्टनची रिंग त्यात अडकून तुटते. मी प्रत्येक पोर्टवरून बोट फिरवून पाहतो आणि बोटाला ओरखडा आला तर सिलिंडर परत पाठवतो. रिंग बसवताना तिची तोंडे पिस्टनच्या खाचेतील बारीक खिळीवर आली पाहिजेत, हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात

महाबळेश्वर साताऱ्याहून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तेथील विरळ हवेत गाडी थोडी अडखळते म्हणून तेथे हवेचा स्क्रू फिरवू नका. खाली महामार्गावर आल्यावर तेच सेटिंग पिस्टन जाळते.

इंजिनावरचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस आहेत. साध्या स्टार स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी झिजतात. योग्य ड्रायव्हर मागवायला आळस करणाऱ्यांच्या गाडीचे प्रत्येक कव्हर छिन्नीच्या खुणांवरून ओळखता येते.

प्लग पॉलिश पेपरने घासू नका, त्याचे कण आत राहतात. नवा प्लग घ्या.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. आपल्याच भागातील उसाचे ते असले तरी जुन्या रबराला त्याचे कौतुक नाही, शिवाय ते ओलावा धरून ठेवते. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी.

दोन्ही ब्रेक ड्रमचे आहेत. कासच्या पावसात ओढा ओलांडल्यावर पहिले वळण येण्याआधी ब्रेक हलके दाबून वाळवून घ्यावेत. मागे जाड टायर टाकल्याने तो ब्रेक सुधारत नाही.

‘जपान इंजिन’ म्हणून जास्त पैसे देणे

सुरुवातीच्या काही गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जोडल्या गेल्या होत्या, त्या आधारावर आता प्रत्येक विक्रेत्याची गाडी ‘जपान मेड’ असते. एवढ्या वर्षांत इंजिन किती वेळा उघडले आणि त्यात काय काय बसले, याला त्या शब्दापेक्षा जास्त महत्त्व आहे. नोंदणी पुस्तकातील इंजिन आणि चॅसी क्रमांक गाडीवरील ठोकलेल्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावेत, नाहीतर नोंदणीचे नूतनीकरण करताना डोक्याला हात लावून बसावे लागते. मी गाडी पाहायला सकाळी लवकर जातो आणि तसे आधी कळवतो, पण वेळ नक्की सांगत नाही. थंड इंजिनाची पहिली किक, पहिला धूर आणि मूठ सोडल्यावर खाली येणारी रेस या तीन गोष्टी मला स्वतः पाहायच्या असतात, म्हणून गेल्या गेल्या आधी सिलिंडरला हात लावतो. तो कोमट लागला तर देऊ केलेला चहा घेतो आणि घरी परत येतो.