शेजारी देशांशी वीज-व्यापार: या चुका टाळा

नेपाळच्या नद्यांना पावसाळ्यात पाणी मावत नाही, बांगलादेशात विजेची मागणी चढते तीही उन्हाळ्या-पावसाळ्यातच, आणि मधे भारताची तार आहे. तरी नेपाळची पहिली वीज बांगलादेशात पोचली ती 15 नोव्हेंबर 2024ला. फक्त 40 मेगावॉट, आणि कराराच्या हंगामाचा तो शेवटचा दिवस असल्याने तेवढ्या दिवसापुरतीच. विजेने शेजार सुधारतो, पण कागद ढिला असेल तर तीच तार भांडणाचं निमित्त होते.

मेगावॉट लिहिले, महिने विसरले

नेपाळचे बहुतेक प्रकल्प साठवणीचे नाहीत, वाहत्या पाण्यावरचे आहेत. थंडीत उत्पादन एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतं आणि नेपाळच भारताकडून वीज घेतो. म्हणून नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्या वरच्या त्रिपक्षीय करारात पुरवठा 15 जून ते 15 नोव्हेंबर इतकाच आहे. अखंड 40 मेगावॉट धरले तर हे साधारण 14 कोटी 40 लाख युनिट. महिने न सांगता नुसते मेगावॉट जाहीर केले, तर हिवाळ्यात ‘शब्द फिरवला’ अशी ओरड ठरलेली. महिनावार तक्ता करा आणि उलट दिशेने येणाऱ्या विजेचा दरही त्याच कागदावर घ्या.

मीटर कुठे, ते मोघम ठेवलं

त्याच करारातला दर 6.4 अमेरिकी सेंट प्रति युनिट. पण कुठे मोजलेल्या युनिटचा? इथे मोजणी बिहारमधल्या मुझफ्फरपूरला होते. नेपाळमधल्या ढल्केबर उपकेंद्रापासून मुझफ्फरपूरपर्यंतची गळती नेपाळच्या माथी, पुढचा वहनखर्च आणि भारतीय व्यापारी कंपनीचं कमिशन बांगलादेशाकडे. ही वाटणी लिहून ठेवली नाही तर पहिल्याच बिलावर वाद.

सही झाली, वीज येत नाही

आधी उपकेंद्र पाहा. ढल्केबर–मुझफ्फरपूर वाहिनी 400 केव्हीची (किलोव्होल्ट, म्हणजे विजेचा दाब), पण 2016मध्ये ती 132 केव्हीवर सुरू करावी लागली, कारण उपकेंद्र मागे पडलं होतं. बांगलादेशाची ग्रिड भारताच्या ग्रिडशी एका तालात चालत नाही, त्यामुळे पश्चिम बंगालमार्गे जाणारी वीज बांगलादेशातल्या भेडामाऱ्याच्या एचव्हीडीसी केंद्रातून (दोन वेगळ्या ग्रिड जोडणारं उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाचं केंद्र) न्यावी लागते. त्याची क्षमता 1000 मेगावॉट. तिथे जागा राखली नसेल तर नेपाळातली वीज नेपाळातच.

मग परवानगी तपासा. सीमापार वीज-व्यापाराच्या भारताच्या 2016च्या नियमांत प्रकल्पाच्या मालकीची अट इतकी आवळलेली होती की नेपाळ-भूतान दोघेही नाराज झाले. 2018मध्ये नियम सैल झाले. चिनी गुंतवणूक किंवा कंत्राटदार असलेल्या प्रकल्पाची वीज भारत आजही घेत नाही. हे प्रकल्प बांधून झाल्यावर कळणं फार महागात पडतं, म्हणून मालकीची चौकशी निविदेआधीच.

शेवटी पैसे. 2024च्या अखेरीस झारखंडच्या गोड्डा प्रकल्पातून बांगलादेशाला जाणारी वीज थकबाकीमुळे निम्म्यावर आली. किमान दोन महिन्यांच्या बिलाइतकं पतपत्र (बँकेची पैसे देण्याची हमी) आधी घ्या. नंतर मागितलं की तो अविश्वास वाटतो.

पहिल्याच घासाला पंचेश्वर

भारत-नेपाळमधला महाकाली नदीचा करार 1996चा. त्यात पंचेश्वर या प्रचंड धरणाचा सविस्तर अहवाल सहा महिन्यांत पुरा व्हायचा होता; धरण अजून नाही. याउलट भूतानचा चुखा प्रकल्प 336 मेगावॉटचा, 60 टक्के अनुदान, 40 टक्के कर्ज, आणि जास्तीची वीज घेणारा भारत आधीच ठरलेला. तो 1980च्या दशकात चालूही झाला. नेपाळनेही 2021मध्ये भारताच्या वीजबाजारात पाऊल टाकलं ते 39 मेगावॉटने, त्रिशूली आणि देवीघाट या जुन्या केंद्रांच्या जोरावर. लहान आकडा लाजिरवाणा नसतो.

रातोरात बंदी

हे नाशिककरांना समजावून सांगायला नको. सप्टेंबर 2019मध्ये कांदा निर्यातबंदी आली, तेव्हा शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन ‘आचाऱ्याला कांदा घालू नकोस म्हटलं’ असा टोमणा मारला आणि आधी कळवत जा, असं सुचवलं. पुढच्याच वर्षी 14 सप्टेंबरला पुन्हा तेच. सीमेवर ट्रक अडकले आणि मग 25,000 टनांना सूट द्यावी लागली. बांगलादेशी व्यापारी म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान धुंडाळू लागले. कांदा असो की वीज, करारात तीन ओळी हव्यातच: बंदीआधी किती दिवसांची सूचना, वाटेत असलेल्या मालाचं काय, आणि टंचाईतही शेजाऱ्याला किमान किती.