साबण कधी कापायचा? कोल्ड प्रोसेसमध्ये या चुका टाळा

कोल्ड प्रोसेस म्हणजे तेलं आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण मिसळून, ते न शिजवता साच्यात ओतून साबण करण्याची पद्धत. तिथे ‘साबण ओतल्यावर किती तासांनी कापू?’ या प्रश्नाला सगळीकडे एकच ठरलेलं उत्तर मिळतं: २४ ते ४८ तास. ते खोटं नाही, पण साच्यात कोणती तेलं आहेत हे घड्याळाला कुठे माहीत असतं?

सगळ्या साबणांना एकच वेळ लावणं

सर्वांत जास्त लाद्या (साच्यातून निघणारे अख्खे ठोकळे) इथेच बिघडतात. नुसत्या खोबरेल तेलाचा साबण काही तासांतच इतका कडक होतो की दुसऱ्या दिवशी सुरी लावली तर वड्या पडण्याऐवजी ढलपे उडतात. तो ओतल्यापासून तीन-चार तासांनी तपासायला लागा आणि किंचित कोमट असतानाच कापा. भरपूर मीठ घातलेला साबण याहूनही उतावळा. तो मी तरी लादीत ओतणारच नाही, सरळ एकेका वडीच्या साच्यात ओतावा. उलट नुसत्या ऑलिव्ह तेलाचा साबण कित्येक दिवस मऊ राहू शकतो, विशेषतः हवा न लागणाऱ्या सिलिकॉनच्या साच्यात.

पाण्याचाही हात असतो. तेलाच्या वजनाच्या ३८ टक्के पाणी घेतलं असेल तर वाट जास्त पाहावी लागते. पाणी कमी केलं की साबण लवकर आवळतो, पण ट्रेसही (ढवळताना मिश्रण दाटसर होण्याची अवस्था) झपाट्याने येतो, म्हणून नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा ४५० ग्रॅम तेलामागे एक छोटा चमचा सोडियम लॅक्टेट (साबण लवकर कडक करणारा क्षार) गार झालेल्या कॉस्टिकच्या द्रावणात घालणं सोपं.

शिवाय जेल फेज, म्हणजे साच्यातला साबण तापून काही वेळ जेलीसारखा होण्याची अवस्था. साच्यात तापून पूर्ण जेल झालेली लादी लवकर कापता येते. दुधाचा साबण करपू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवला असेल, तर त्याला एक-दोन दिवस जास्तीचे द्या.

फक्त वरून दाबून पाहणं

वरचा थर हवेने आधी सुकतो आणि फसवतो. हातमोजे घालून (पहिले एक-दोन दिवस साबणात कॉस्टिक शिल्लक असू शकतं) साच्याची एक बाजू हलकेच ओढा. साबण कडेपासून स्वच्छ सुटला तर लादी बाहेर काढून बाजू आणि तळ दाबा. घट्ट चीजइतका लागला पाहिजे. बोट रुतलं किंवा कोपरे साच्यातच राहायला लागले तर थांबा. खात्री नसेल तर टोकाची एक पातळ चकती कापून बघा: सुरीला लगदा चिकटला तर बाकीची लादी उद्यावर.

फ्रीजरमधून काढून लगेच कापणं

साचा सुटत नसेल तर काही तास फ्रीजरमध्ये ठेवायला हरकत नाही. पण थंडगार लादीला सुरी लावली की तडा जातो. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. वर घाम येईल, तो पुसू नका, आपोआप सुकतो.

दोष नेहमी वेळेचाच समजणं

नेहमीच्या तेलांची लादी आठवड्यानंतरही लोण्यासारखी मऊ असेल तर वजनं पुन्हा तपासा. बहुधा कॉस्टिक कमी पडलं किंवा तेल जास्त झालं. वेळेत कापूनही भुगा होत असेल तर कॉस्टिक जास्त झाल्याची शक्यता धरा आणि तो साबण अंगाला लावू नका. कापताना आतून द्रव पाझरला तर मिश्रण फुटलेलं असतं, तिथे आणखी थांबून उपयोग नाही. मधोमध गडद वर्तुळ दिसलं तर मात्र घाबरू नका. जेल अर्धवट झालं, एवढंच.

वर पाकळ्या किंवा ओट्स पेरले असतील तर लादी कुशीवर आडवी करून बिनदात्याच्या पातळ सुरीने कापा, नाहीतर प्रत्येक पाकळी वडीवर ओरखडा काढत खाली जाते. कापलेल्या वड्या अंतर ठेवून चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकवा.